घरटी चतकोर

"ही जवारी हाय का गोचिडं?" माझ्या सुनेनं, वैजयंतीनं, भरली ओंजळ गोरखच्या तोंडापुढं धरली.

गोरख वजनकाट्यामागं खुर्ची टाकून बसला होता. रेशनचं दुकान त्याचं. मान वर न करता म्हणाला, "सरकारनं पाठीवली ती हाय, वैनी. मी काय माझ्या रानात पिकीवली न्हाई."

"सरकारला नाक नसंल. तुमाला हाय ना? घ्या, वास घ्या."

"धर्माची गाय आन् दात का न्हाई, तशातली गत झाली ही. फुकट मिळतंय तर तोंड वाकडं."

मी रांगेत मागं उभी होते. म्हटलं, "धर्म कुनाचा रे गोरख्या? तुझ्या बापाचा?"

रांगेतल्या बाया हसल्या. तोही हसला. कितीही बोला, माणूस चिडत नाही, हेच त्याचं भांडवल. "मावशे, तू बोल. तुला हक हाय. तू मला मांडीवर खेळीवलाय," म्हणाला आणि तीच ज्वारी माझ्या पिशवीत ओतली.

घरी येऊन सुपात घेतली. पाखडलं तर निम्मी उडून गेली. टोके किडे, जाळी, खडे, आणि दाण्याच्या तोंडाला काळी बुरशी. धुऊन वाळवली, दळली, तरी पिठाचा कुबट वास गेला नाही. उकळतं पाणी घातलं तरी पीठ एकमेकाला धरेना. थापायला घेतली की भाकरी कडेनं फाटायची, आणि तव्यावरून उतरलेली तोंडात घातली की मागून कडू. नातवंडं एक घास खाऊन बिस्किटाचा पुडा मागायची.

आमची वाडी आणे गावच्या पठारावर. खाली कुकडीच्या कालव्याचं पाणी पिणारी गावं द्राक्षं लावतात, टोमॅटो लावतात. आमच्याकडं मुरूम आणि वारा. पूर्वी आम्ही पेरायचो बाजरी आणि खायचो बाजरी. मग सगळे म्हणाले, बाजारात चालतं ते पेरा. कांदा पेरला. कांद्याला कधी भाव असतो, कधी खड्डा खणून पुरावा लागतो, आणि कांद्याची भाकरी होत नाही. पोरं चाकणला कंपनीत कंत्राटावर गेली. कंपनीचं काम वाढलं की जातात, घटलं की परत येऊन ओट्यावर मोबाइल बघत बसतात. अशा गावाला रेशनचा दाणा म्हणजे नुसती मदत नाही. महिन्यातले निम्मे दिवस चूल त्याच्यावर पेटते. तो दाणा खाण्यासारखा मिळावा, एवढंच आमचं मागणं होतं.

मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. पाझर तलावाच्या कामावर मी आणि गोरखची आई साळुबाई, दोघीत एक पाटी होती. ती भरायची, मी उचलायची. दुपारनंतर उलटं. सरकारनं तेव्हा परदेशातला लाल मिलो, तिकडची ज्वारी, दिला होता. त्याची भाकरी विटेसारखी लाल व्हायची आणि विटेसारखीच लागायची. पण जो मिलो सरकारनं गाडीत घातला तोच आमच्या पदरात पडला. कुणी मधे बदलला नाही. साळू तेव्हा म्हणायची, "ठके, एवढी वर्सं निघू दे, पोरांना आसलं खावं लागनार न्हाई." तिच्याच पोरानं आम्हाला मिलोची आठवण काढायला लावली.

खरं काय ते आम्हाला जानकाबाईनं सांगितलं. जानकाबाई पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, माझ्याच वयाची. खाली बागायतीतल्या एका कोंबड्यांच्या शेडवर ती झाडलोटीला जाते. एक दिवस पाण्याच्या टाकीवर घागर लावून ती म्हणाली, "ठकूबाई, आपली जवारी कुटं जाती ठाव हाय का?"

"कुटं?"

"आमच्या शेडावर. रेशनच्याच पोत्यात येती, टपोरी, मोत्यावानी. कोंबड्या खात्यात. आन् शेडावरची जुनी, बुरशी आल्याली, कोंबड्यांनी चोच न लावल्याली, ती गोरखच्या पिकअपमधी चढती. म्या सोता बघितली."

मग वैजयंती म्हणाली, "म्हंजी कोंबड्यांचं उष्टं?"

"उष्टं कुटं बाई," जानकाबाई म्हणाली, "त्यांनी तोंड बी न्हाई लावलं. नाकारल्यालं."

ते ऐकून माझ्या अंगात जे पेटलं ते विझवायचा मी प्रयत्नही केला नाही.

आम्ही जुन्नरला गेलो, अर्ज दिला. पुरवठ्याचे साहेब आले. ते येणार हे गोरखला आमच्या आधी कळलं होतं. दुकान सारवलेलं, पुढं चांगल्या ज्वारीची पोती, उदबत्ती लावलेली. साहेबांनी एक दाणा दाताखाली धरला आणि धान्य उत्तम असल्याचं लिहून चहा घेतला. पिशवीतली ज्वारी दाखवली तर म्हणाले, "आजी, घरी डबा नीट झाकत नसाल." जानकाबाई शेडचं बोलली तर म्हणाले, "लेखी द्या, पण मग तुम्हालाही चौकशीला यावं लागेल, आणि शेडवाला कामावर ठेवील का ते तुमचं तुम्ही बघा." साहेबांची गाडी गेल्यावर जानकाबाई तिच्या धुरळ्याकडं बघत म्हणाली, "खाली खोडदला आभाळातलं ऐकाया दुर्बिनीच्या एवढाल्या थाळ्या लावल्यात म्हनं. आपलं ऐकाया एक चमचा बी न्हाई."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब जरा मऊ झाले. म्हणाले, "तक्रार चार बायकांची आहे की गावाची? तुमच्या जत्रेला मला बोलावणं आहेच. येतो तेव्हा गावाचं मत बघतो, आणि मग फाईल काय ते ठरवतो."

गोरखनं लगेच जाहीर केलं, यंदा जत्रेची आमटी माझी.

आण्याची आमटी-भाकरी सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. आमच्या वाडीच्या भैरोबाची जत्रा म्हणजे तिची धाकटी बहीण. माघात भरते. आमटी एका घरची आणि भाकरी सगळ्या गावची. पण आमच्याकडं एक रीत जास्तीची आहे. ज्याची आमटी, त्यानं गाव जेवायच्या आधी देवापुढं पानावर बसायचं. घराघरातली बाई आपल्या भाकरीचा चतकोर आणून स्वतःच्या हातानं त्याच्या पानात घालते. तो त्यानं खायचा. सगळ्या घरांचा खाल्ला की गावानं त्याची आमटी पावन केली असं धरायचं. एका घराचा जरी आला नाही, तरी कढईला पळी लागत नाही. आणि पानात पडलेलं टाकायचं नाही. तो देवाचा घास. घरं वाढली तसा चतकोर बोटभर झाला, पण नाव घरटी चतकोर हेच राहिलं.

साहेबांसमोर गावाचा चतकोर खाल्ला की तक्रार मिटली. गोरखचा हिशेब सरळ होता.

बाया माझ्या ओट्यावर जमल्या. वैजयंती म्हणाली, "आत्या, सोपं हाय. कुनीच चतकोर न्यायचा न्हाई. बसू द्या मोकळ्या पानावर. कढई पालथी घालाया लागंल."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "आन् मग?"

"मग काय? नाक कापलं त्याचं."

"तो साहेबाला सांगंल, भावकीचं भांडान हाय, बाया इरंला पेटल्यात. साहेब माघारी जाईल उपाशी. फाईल बंद. नाक काय, नाक परत फुटतं तसल्याला." मी ज्वारीचा डबा उघडून मधे ठेवला. वास पसरला तशी एकीनं पदर नाकाला लावला. "न्यायचा. यकूण यक घरानं चतकोर न्यायचा. ह्याचा."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वैजयंती हळूच हसायला लागली, आणि तिचं बघून बाकीच्या.

"पाखडायची न्हाई," मी म्हटलं. "धुवायची न्हाई. त्यानं दिली तशी दळायची."

"आत्या, देवाच्या पानात आसलं वाढायचं? पाप लागंल."

"आपल्या लेकरांच्या पानात वाढतोच की रोज. तवा कुटं लागतंय?"

मग मी बौद्ध वस्तीत गेले. त्या घरांचा चतकोर कधी घेतलाच जात नव्हता; माझ्या सासूच्या काळी नाही, माझ्याही नाही. छप्पन सालानंतर त्यांनी आमच्या देवाकडं पाठ फिरवली आणि आम्ही सोईस्कर म्हणालो, बरं झालं. जानकाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "ठकूबाई, तुमच्या देवाचं आमाला काय करायचंय? आमी त्येला सोडून किती वर्सं झाली."

"देवासाठी न्हाई बोलवत."

"मग?"

"गोरखला खायाला घालाया."

जानकाबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "त्येच्यासाठी येते," म्हणाली. "आमच्या बी सगळ्या घरांतनं येत्याल. आमाला तर त्यानं आजून खालच्या पोत्यातली दिलीया."

जत्रेच्या दिवशी पठारावर असं वारं सुटलं होतं की कढईखालच्या जाळाला पत्रे लावावे लागले. आमटी मात्र झकास झाली होती. गोरखनं मसाल्याला हात आखडला नव्हता. देवळापुढं गाव बसलेलं. साहेबांना गादीवर बसवलेलं, गळ्यात हार, शेजारी नारळ. मधोमध पाटावर गोरख, फेटा बांधून, पुढं पत्रावळ आणि आमटीचा द्रोण. साळू देवळाच्या पायरीवर बसली होती, नवं लुगडं नेसून. मला बघून हसली. मीही हसले.

देवळाचे पंच रखमाजीबुवा एकेका घराचं नाव घेऊ लागले. पहिलं माझंच आलं. मी बोटभर तुकडा गोरखच्या पानात ठेवला. त्यानं आमटीत बुडवला, तोंडात घातला, आणि त्याचं चावणं मधेच थांबलं. माझ्याकडं बघितलं.

"काय रं," मी म्हटलं, "मीठ कमी हाय का?"

"न्हाई मावशे. ब्येस हाय."

"खा मग. लई घरं ऱ्हायलीत."

दुसरी आली, तिसरी आली. आमटीत कितीही बुडवलं तरी कडू वर येत होतं. प्रत्येक बाई तुकडा ठेवताना काहीतरी बोलत होती, अगदी गोडीनं. "भाऊजी, दाताखाली टचकन वाजलं तर भिऊ नका, खडा आसंल." "भाऊ, टोक्यात ताकद आसती म्हनं, डागतर सांगत्यात." वैजयंती म्हणाली, "वास आला तर नाक धरा भाऊजी, आमी धरतोय." पहिल्यांदा गडीमाणसांना काही उमगलं नव्हतं, बायांच्या थट्टेला हसत होती. मग पंगतीत कुजबुज फिरली, आणि ज्याला त्याला घरची भाकरी आठवली. हसणं थांबलं. सगळं गाव त्याच्या जबड्याकडं बघत होतं. कपाळावरचा घाम फेट्यात जिरत होता. त्यानं तांब्या उचलला तशी मी म्हटलं, "पानी मागनं. पानी प्यालं की पोट भरतं, मग उरल्या घरांनी काय करायचं?"

साहेब हसून म्हणाले, "आजी, आम्हाला पण द्या की भाकरी. भूक लागली."

"देते की." मी अख्खी भाकरी त्यांच्या पानात ठेवली. "ही साहेब तुमीच उत्तम लिव्हल्याली जवारी."

साहेबांनी घास घेतला. तो त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात नेला, परत आणला. थुंकावं तर देवाचं, सगळं गाव बघतंय. गिळला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

तेवढ्यात साळू उठली. तिला आता कळलं होतं. लेकाशेजारी येऊन खाली बसली आणि पत्रावळ आपल्याकडं ओढू लागली. "ऱ्हायल्यालं मी खाते. माझ्या लेकाचं मी खाते. ठके, घाल माझ्या पानात."

पत्रावळीवर तिचे दोन्ही हात होते. त्याच हातांनी तिनं माझ्या पाटीत माती भरली होती. मी खाली वाकून पत्रावळ परत गोरखपुढं सरकवली.

"साळे, तू माती वाहून मिलो खाल्लास. तुझा वाटा खाऊन झालाय. ऊठ."

"ठके, पोर हाय माझं."

"आमचीबी पोरंच हायती. ऊठ."

ती उठली नाही. तिथंच पदरात तोंड घालून बसली. तिच्याकडं बघून कुणी थांबलं नाही. मीही नाही.

आमची घरं संपली. रखमाजीबुवांनी नारळ उचलला, तशी गर्दीतून जानकाबाई पुढं आली. तिच्यामागं वस्तीतल्या बाया, प्रत्येकीच्या हातात तुकडा.

"आमचं नाव घ्या बुवा," ती म्हणाली.

"अगं, ही रीत न्हाई," बुवा म्हणाले. "तुमचा चतकोर कवा आसतो?"

"रेशन एका दुकानातलं, मग चतकोर का न्हाई?"

बुवांनी साहेबांकडं बघितलं. साहेब जमिनीकडं बघत होते. सरकारी माणसासमोर नाही म्हणायची बुवांची छाती झाली नाही. त्यांनी गोरखकडं बघितलं, म्हणजे तू नको म्हण. गोरखनं आजूबाजूला बघितलं. नको म्हणावं तर वस्ती सोडणार नाही, खावं तर पोट सोडणार नाही.

"घाला," तो म्हणाला.

जानकाबाईनं घातला. "कोंबड्यांनी न्हाई खाल्ली, भाऊ. तुमी खाताय. लई उपकार."

त्यानं खाल्लं. सगळ्यांचं खाल्लं. शेवटचा घास गिळला आणि उठून देवळामागं गेला. त्याच्या ओकण्याचा आवाज वाऱ्यावर स्पष्ट येत होता. रखमाजीबुवांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "पावन झाली." कढईला पळी लागली.

वैजयंतीनं जेवताना हळूच विचारलं, "आत्या, साळूमावशीकडं बघून वाईट न्हाई वाटलं?"

मी वाढप्याला हाक मारून आणखी आमटी मागितली.

यातून गोरखचा परवाना गेला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कचेरीचा उंबरा चढलेला नाही. साहेबांनी पुन्हा पंचनामा केला, चौकशी लावली, आणि त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात, जुनं प्रकरण मला माहीत नाही. दुकान गोरखचंच आहे. साळू माझ्याशी बोलत नाही. टाकीवर मी दिसले की घागर अर्धी भरून निघून जाते.

पण पुढच्या महिन्यात गाडी आली, त्या दिवशी जानकाबाईनं दुकानाच्या दारात तीन दगड मांडले आणि तवा ठेवला. आम्ही प्रत्येक पोत्यातून मूठमूठ काढली, गिरणीतून दळून आणली. गोरख अंगठ्याचं मशीन चालू करायला लागला तशी मी त्याचा हात धरला.

"आदी खा."

"मावशे, ही काय पद्दत झाली?"

"आता ही रीत."

तो हसला नाही. जानकाबाईनं गरम भाकरी त्याच्या हातावर टाकली. एक घर चुकलं तर पंगत अडते, आणि इथं तर एकही घर अंगठा लावणार नव्हतं, हे त्याला आता चांगलं कळलं होतं. सगळी रांग त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती, वाडीतली आणि वस्तीतली, एकच रांग. त्यानं खाल्ली. ज्वारी टपोरी होती. भाकरी फाटली नव्हती. तेव्हापासून दर महिन्याला तो पहिला घास खातो, आणि आम्ही तो गिळेपर्यंत बघतो.

परवा दुकानात गेले तर गोरख मोठ्या खुशीत होता. म्हणाला, "ऐकलं का मावशे? सरकारचा इचार चाललाय म्हनं. धान्य बंद. थेट खात्यात पैसं. आपल्याला पायजे ते बाजारातनं घ्या. पोती न्हाई, काटा न्हाई, कटकटच न्हाई. आता तुमचा तवा घरी न्यायला हरकत न्हाई."

त्याच्या मागं सुताराचं काम चाललं होतं. नवी फळकुटं, नवे कप्पे. फाट्यावरून किराणा माल आणून तो तिथं मोठं दुकान घालणार आहे.

मी तव्यावर हात ठेवला. सकाळचा जाळ होता, तवा अजून कोमट होता.

"पैसं घिऊन यायचं कुटं? तुझ्याच दुकानात ना?" मी म्हटलं. "मग तवा हितंच ऱ्हाऊ दे."